दंडावरचा पंजा

सकाळी आठालाच लाँड्रीसमोर रांग लागलेली पाहून डागवालीला आधी वाटलं, शहरातल्या समस्त कपड्यांवर एकाच दिवशी काहीतरी सांडलं असावं. मग तिच्या लक्षात आलं, की रांगेतल्या एकाच्याही हातात कपडा नाही. सगळे रिकाम्या हातांनी आले होते आणि सगळ्यांना जिना चढून वर जायचं होतं. तिच्या सासूबाईंचा डावा दंड बघायला.

वर सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात बाही कोपराच्या वर जाऊ दिली नव्हती, ती आता बाही खांद्यापर्यंत गुंडाळून, मान जराशी कलती करून बसली होती. दंडावर निळाजांभळा पंजा उमटलेला. चार बोटं आणि अंगठा, अगदी स्पष्ट. लोक येत, वाकून बघत, हात जोडत आणि निघताना हळूच विचारत, "दुखतं का हो?"

"देवाच्या हातानं कुणाला दुखेल?" सासूबाई म्हणत. हे वाक्य त्यांना दोन दिवसांत इतकं सवयीचं झालं होतं, की माणूस विचारायच्या आतच त्या उत्तर देऊन मोकळ्या होत.

या पंजाचा मालक म्हणजे स्पर्शबाबा. फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तो दर सोमवारी 'स्पर्शसभा' घ्यायचा. डोळे मिटून भक्ताचा दंड धरायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि सोडून द्यायचा. भक्त म्हणायचे, हलकं वाटतं. दंड सुटल्यावर कुणालाही हलकंच वाटणार, असं डागवालीचं मत होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. बाबा होण्याआधी हाच माणूस दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. तेव्हाही तो सात थरांबद्दल बोलायचा. पाण्याचे सात थर गेले, आत्म्याचे सात थर आले, बोलणं मात्र शब्दाला शब्द तेच. त्यानं विकलेला एक फिल्टर डागवालीच्या स्वयंपाकघरात अजून होता. गळत होता.

गुरुवारी तो स्वतः आला. सोबत माईकवाला. आधी त्यानं तो पंजा नीट पाहिला आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्याचा चेहरा असा झाला की जणू विकलेला फिल्टर खरंच चालायला लागला आहे. जमलेल्यांत सर्वांत जास्त दचकला तो बाबाच. पण धंद्यातला माणूस, लगेच सावरला.

"मी काही केलेलं नाही, बाळांनो," तो माईकमध्ये म्हणाला. "मी फक्त वायर आहे. करंट वरून येतो. हजारो दंड धरले मी. पण सही झाली ती या एका माउलीच्या दंडावर. का? कारण हिची फ्रिक्वेन्सी जुळली."

मग त्यानं माईक सासूबाईंच्या छातीशी धरला. आणि स्पीकरमधून आवाज आला. टक्. टक्. टक्.

"ऐकलंत?" बाबा कुजबुजला. "हा आतला नाद. तपश्चर्येत केस पांढरे झाले तरी तो कुणाला ऐकू येत नाही."

"अकरा वर्षांपूर्वी बसवून घेतलाय तो," जिन्यातून डागवाली म्हणाली. "हृदयाची झडप आहे, धातूची. कार्ड कपाटात आहे, दाखवू?"

दोन बायका फिसकन हसल्या. बाबानं अतिशय दयाळू नजरेनं डागवालीकडे पाहिलं. "झडप डॉक्टरांनी बसवली असेल, बाळा. पण वाजवतं कोण?"

लोकांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी खुर्ची सुनेकडे पाठ येईल अशी फिरवून घेतली.

डागवालीचं खरं नाव लाँड्रीत कुणी घेत नसे. धुणं, इस्त्री, घड्या हे बाकीच्या करायच्या. डाग हिच्याकडे यायचे. कपडा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरायची, वास घ्यायची, बोटानं चाचपायची आणि मग गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारायची. डाग कधी पडला? कशाचा आहे? आणि आधी काय लावलंय?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक सगळ्यात जास्त खोटं बोलायचे ते तिथंच. एकदा एका वकीलबाईनं पांढरा सुती कोट आणला, बाहीवर गंजाचा डाग. "काही लावलं नाही," म्हणाल्या. डागवालीनं गंज काढायचं औषध टाकलं, तर बाहीतून उग्र वाफ उठली, तिचे डोळे चुरचुरले, संध्याकाळपर्यंत खोकला थांबेना. बाईंनी घरी त्यावर ब्लीच ओतलं होतं. ब्लीच चांगलं. गंजाचं औषधही चांगलं. एकावर एक पडली आणि कोट गेला. सांगितलं का नाही, तर म्हणे, "ब्लीच काय, ते तर घरात असतंच की."

तेव्हापासून ती प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर तीन ओळी. तिसरी ओळ लाल पेननं.

शुक्रवारी सकाळी, रांग सुरू व्हायच्या आधी, ती सासूबाईंसमोर स्टूल ओढून बसली.

"आई, हा डाग कधी पडला?"

"डाग काय म्हणतेस? पंजा म्हण."

"बरं, पंजा. कधी पडला?"

"मंगळवारी आंघोळीला गेले तेव्हा दिसला. सोमवारी बाबांनी धरलं होतं ना, नेमका तिथंच."

"जोरात धरलं होतं?"

"प्रेमानं धरलं होतं." सासूबाईंनी बाही जराशी खाली ओढली. "जरा जोरातच."

"आणि त्याआधी काय लावलं होतं? म्हणजे नवीन काही घेतलं, खाल्लं?"

"मी काय कोट आहे का तुझा? काही नाही घेतलं."

"परवाची रक्ताची तपासणीही चुकली."

"सुई टोचली की ऊर्जा गळते. बाबा म्हणाले, सात दिवस सुई नाही, शिजवलेलं अन्न नाही, नुसतं मधाचं पाणी. आणि सगळी औषधं बंद."

डागवालीनं स्टूल आणखी पुढं ओढलं. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून सासूबाईंना रोज रक्त पातळ ठेवायची एक गोळी घ्यावी लागे. आणि रक्त फार पातळ किंवा फार घट्ट होत नाही ना, ते पाहायला महिन्यातून एकदा तपासणी. "झडपेची गोळीपण बंद केलीत?"

"ती कशाला बंद करू?" सासूबाईंना सुनेच्या अकलेची कीव आली. "ती काय औषध आहे? ती तर रोजची."

डागवालीचा जीव भांड्यात पडला. तो तसा पडायला नको होता, पण हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

"आई, आपण एकदा डॉक्टरांना नुसता दाखवू या ना दंड."

सासूबाई खिडकीबाहेर बघत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली. कुणी शेजारी येऊन बसलं की थोड्या वेळानं विचारतं, हे कसलं घड्याळ वाजतंय? सांगितलं की माणूस जरा सरकून बसतं. तुझा नवरासुद्धा, माझा मुलगा, टीव्हीचा आवाज वाढवतो. या आठवड्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे सरकलेत. तेवढंही बघवत नाही का गं तुला?"

डागवाली उठून खाली गेली आणि त्या दिवशी तिनं दोन शर्ट चुकीच्या पाण्यात बुडवले.

शनिवारी घरातलं धुणं काढताना सासूबाईंची उशीची खोळ हातात आली. कडेला तपकिरी ओघळ, दोन-तीन. बाबाच्या मधाचा असेल असं म्हणून ती बादलीत टाकणार, तेवढ्यात हात थांबला. मध कडेला चमकतो आणि चिकटतो. हा चमकत नव्हता. तिनं कपाटातून पेरॉक्साइडची बाटली काढली आणि एक थेंब टाकला. डागावर बारीक पांढरा फेस फसफसला.

मधाला फेस येत नाही. रक्ताला येतो.

मग तिनं बाकीचे कपडे उलटे करून पाहिले. परकरावर मागच्या बाजूला एक काळा डाग होता, डांबरासारखा, आणि त्याला जो वास होता तो तिच्या ओळखीचा होता. लाँड्रीत एका नर्सिंग होमच्या चादरी यायच्या. तिथल्या सिस्टरनं एकदा सांगितलं होतं, असं काळं दिसलं की समजायचं, पोटात रक्तस्राव होतोय.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. खुर्ची रिकामी.

"बाबांची गाडी येऊन घेऊन गेली त्यांना," शेजारीण दारातून म्हणाली. "आज खास सभा आहे ना. उजव्या दंडावर दुसरा पंजा उमटवणार आहेत म्हणे. तुम्हाला सांगितलं नाही का?"

डागवालीनं झडपेचं कार्ड काढायला सासूबाईंचं कपाट उघडलं. कार्डाच्या मागे रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची रिकामी पट्टी होती आणि चौकातल्या क्लिनिकची चिठ्ठी. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. तारीख गेल्या आठवड्यातली.

कोपऱ्यावरची औषधवाली स्पष्टवक्ती म्हणून प्रसिद्ध होती. निम्मी गिऱ्हाइकं त्यासाठी यायची आणि निम्मी त्याच कारणानं यायची बंद झाली होती. तिनं पट्टी उलटी केली, नाव वाचलं.

"अँटिबायोटिक आहे. सेफॅलोस्पोरिन गटातलं. लघवीच्या जळजळीला देतात. कुणाला दिलं?"

"सासूबाईंना. एकट्याच जाऊन आल्या असणार. असल्या गोष्टी त्या मला सांगत नाहीत."

"आणि त्यांना झडपेची गोळी चालू आहे, रक्त पातळ करायची. ती तर मीच देते दर महिन्याला." औषधवालीनं हातातली पट्टी काउंटरवर ठेवली. "क्लिनिकमध्ये सांगितलं का त्यांनी?"

डागवालीला कालचं वाक्य आठवलं. ती काय औषध आहे, ती तर रोजची. "नसणार सांगितलं."

"मग ऐक. रक्त गोठायला शरीराला 'के' जीवनसत्त्व लागतं. झडपेची गोळी त्याचाच वापर रोखून धरते, मोजून मापून, जेवढा हवा तेवढाच. ते जीवनसत्त्व येतं पालेभाजीतून, आणि थोडं आपल्या आतड्यातले जंतू तयार करतात. हे अँटिबायोटिक लघवीतल्या जंतूंबरोबर त्या बिचाऱ्यांनाही मारतं. वर ताप, तोंडाला चव नाही, म्हणजे जेवणही कमी."

"जेवण कमी नाही, बंद आहे. मधाचं पाणी चालू आहे. त्या बाबानं सांगितलंय."

"म्हणजे उरलेला रस्ताही बंद करून दिला." औषधवालीनं फोन उचलला. "गोळी तेवढीच, पण तिला अडवणारं कुणीच राहिलं नाही. रक्त पाण्यासारखं झालं असणार. मग नुसतं दाबलं तरी निळं पडतं. हिरड्यांतून येतंय का?"

"उशीवर आहे. आणि कपड्यावर काळं."

औषधवाली भराभर नंबर फिरवू लागली. "मी हॉस्पिटलला कळवते. तू त्यांना घेऊन थेट तिकडे जा. ओढाताण नको. कुणाला दंड धरू देऊ नकोस. आणि पडू देऊ नकोस, डोक्याला लागलं तर आपल्या हातात काही राहणार नाही."

डागवालीनं लाँड्रीचं शटर खाली ओढलं. भर सकाळी, कामाच्या दिवशी, असं ते यापूर्वी कधी ओढलं गेलं नव्हतं.

हॉल भरला होता. खुर्च्या संपून लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले होते. मंचावर सासूबाई, अंगावर पांढरी शाल, चेहरा शालीच्याच रंगाचा. बाबा आपल्या बाह्या सारत होता.

"विज्ञान म्हणतं, स्पर्श म्हणजे नुसतं कातडीला कातडी लागणं," तो सांगत होता. "मी विज्ञानाला विचारतो, मग पंजा कुठून आला? विज्ञान गप्प. विज्ञान नेहमी गप्प असतं, कारण त्याच्याकडे माईक नाही. आता मी उजवा दंड धरणार आहे."

"धरू नका," डागवाली मधल्या वाटेनं जात म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, पण मशिनांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या बाईचा साधा आवाजही हॉलच्या टोकाला पोचतो. "त्यांना हात लावू नका. त्यांचं रक्त फार पातळ झालंय. जो कुणी दाबेल त्याचा ठसा उठेल."

बाबा हसला. "या आमच्या माउलीच्या सूनबाई. कपड्यांचे डाग काढतात. आज देवाचाही काढायला आल्यात."

हॉलमध्ये हशा पिकला. डागवाली मंचावर चढली. गळ्यात शिंप्यासारखी टेप असायचीच, ती तिनं काढली आणि सासूबाईंच्या दंडावरच्या मधल्या बोटाच्या ठशाला लावली. "त्या बोटावर दोन आडव्या गडद रेघा आहेत, अर्धा इंच अंतरावर. तुमचा हात दाखवा जरा."

बाबाच्या मधल्या बोटात दोन अंगठ्या होत्या. अर्धा इंच अंतरावर.

"हा तुमचाच हात आहे," ती म्हणाली. "देव दोन अंगठ्या घालत असेल तर गोष्ट वेगळी."

तिला वाटलं, झालं. पण पहिल्या रांगेतली एक बाई हात जोडून म्हणाली, "म्हणजे बाबांच्याच हातात शक्ती आहे तर." आणि सगळ्या हॉलनं पुन्हा हात जोडले. बाबानं डागवालीकडे कृतज्ञतेनं पाहिलं. आपण आपल्याच हातानं डाग पक्का केला, हे तिच्या लक्षात आलं. चुकीचं औषध. दुसरं काहीतरी लावायला हवं.

ती सासूबाईंपाशी गुडघ्यावर बसली. "आई, आज येताना तुमची हातपिशवी कुठल्या हातात होती?"

"उजव्या. का गं?" आवाज अगदी बारीक होता.

डागवालीनं त्यांची उजवी बाही हळूच वर केली. कोपराखाली, जिथं त्या नेहमी पिशवीचे बंद अडकवत, तिथं दोन निळे पट्टे होते. शेजारी शेजारी, सरळ, बंदांएवढेच रुंद.

"हा बघा दुसरा चमत्कार," ती लोकांकडे वळून म्हणाली. "हा आमच्या पिशवीनं केलाय. आत चष्मा, रुमाल आणि किल्ल्या असतात. तिचीही फ्रिक्वेन्सी जुळलेली दिसते."

कुणीतरी हसलं, आणि या वेळी ते बाबाच्या बाजूनं नव्हतं.

"आणि आई, पोटरीवर हे निळं काय दिसतंय?"

"ते पलंगाचा कोपरा लागला होता."

"केव्हा?"

"बुधवारी. लागलं म्हणजे काय, नुसता घासला."

डागवालीनं शाल बाजूला करून पाय दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक खुर्चीतून अर्धवट उठले. पोटरीवर बशीएवढा काळानिळा डाग होता.

"बाबांना मानायचं असेल तर पिशवीला माना आणि पलंगालाही माना," डागवाली म्हणाली. "पलंगानं तर जास्तच कृपा केलीय. किंवा साधी गोष्ट माना. बाबांनी हजारो दंड धरले, ठसा उठला एकावर. तेव्हा फरक हातात नाही, दंडात आहे. या दंडात काय बदललं, एवढंच विचारा." तिनं रिकामी पट्टी वर धरली. "ह्या सात दिवसांच्या गोळ्या आणि रोजची झडपेची गोळी. दोन्ही चांगल्या. एकीवर दुसरी पडली, आणि वर उपास पडला."

"औषधं तर बाबांनी बंद करायला सांगितली होती," मागून कुणीतरी म्हणालं.

"हो. पण ह्या गोळ्या त्याआधीच संपल्या होत्या, आणि झडपेची गोळी आईंनी औषधात धरलीच नाही. बंद झाली ती रक्त तपासायची सुई. ती टोचली असती तर बुधवारीच कळलं असतं."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. बाबानं माईक तोंडाशी नेला, पण त्याचं सासूबाईंच्या तोंडाकडे लक्ष गेलं. त्या काहीतरी बोलायला गेल्या होत्या आणि त्यांच्या दातांच्या फटी लाल झाल्या होत्या. बाबानं माईक खाली घेतला आणि दोन पावलं मागे सरकला. अगदी घड्याळ ऐकून लोक सरकतात तसा.

ते सासूबाईंनी पाहिलं.

"म्हणजे देवानं मला निवडलं नाही," त्या सुनेला म्हणाल्या. प्रश्न नव्हता.

"देवाचं मला माहीत नाही," डागवाली म्हणाली. "मी भर सकाळी लाँड्रीचं शटर ओढून तुम्हाला शोधत आलेय, एवढं मला माहीत आहे. चालवेल का? माझा हात तुम्ही धरा. मी तुमचा धरणार नाही."

सासूबाईंनी सुनेचा दंड धरला. जिन्याच्या सोळा पायऱ्या उतरताना त्यांनी तो इतका घट्ट धरला होता, की कुणाचंही रक्त पातळ नसतानासुद्धा ठसा उठावा.

रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा सासूबाईंच्या झडपेसाठी अडीच ते साडेतीनमध्ये असायला हवा. तो नवाच्या वर निघाला. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी थोडंसं 'के' जीवनसत्त्व दिलं, अगदी जपून, कारण जास्त झालं तर झडपेवर गुठळी धरायची; गोठायला मदत करणारा रक्तातला द्रव दिला, झडपेची गोळी काही दिवस थांबवली आणि रोज आकडा पाहून पुन्हा सुरू केली. पाचव्या दिवशी सासूबाई घरी आल्या.

"क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का," त्यांनी कबूल केलं. "मी नाही म्हटलं. माझ्या मनात खोटं नव्हतं गं. मीठ रोज घेतो, ते आपण औषध म्हणून सांगतो का?"

"वकीलबाईही ब्लीचबद्दल हेच म्हणाल्या होत्या," डागवाली म्हणाली.

संध्याकाळी औषधवाली भेटायला आली आणि येतानाच हसत आली. "तुमच्या बाबाला या गटातल्या औषधांची यादी मिळाली असती ना, तर त्यानं आणखी तीन धंदे काढले असते."

"ते कसे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना आता या विषयात रस निर्माण झाला होता.

"यातली काही इंजेक्शनं अशी आहेत, की ती घेतल्यावर पुढचे दोन-तीन दिवस माणूस दारू प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. झाला दारू सोडवणारा बाबा. यातल्या एका औषधाबरोबर लोहाचं टॉनिक दिलं तर बाळाची शी विटेसारखी लाल होते. रक्त नसतं ते, नुसता रंग. झाला भूत उतरवणारा बाबा. आणि काही गोळ्या अशा, की बरोबर ॲसिडिटीची गोळी घेतली तर पोटात नीट शोषल्याच जात नाहीत, ताप काही उतरत नाही. मग बाबा म्हणणार, करणी आहे."

"आणि उपाय काय यावर?"

"काही नाही. डॉक्टरांना आणि मला सगळं सांगायचं. गोळी, टॉनिक, काढा, चूर्ण, दारू. जे रोजचं आहे म्हणून आठवत नाही, ते आधी. आणि झडपेच्या गोळीबरोबर अँटिबायोटिक घ्यावंच लागलं तर घ्यायचं, घाबरायचं नाही, पण तीन-चार दिवसांत रक्त तपासायचं. आपल्या मनानं यातलं काहीही बंद करायचं नाही."

पंजाचं म्हणाल, तर तो कुठल्याही मुक्या मारासारखाच गेला. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि एक दिवस नुसता दंड उरला. फर्निचरवाल्यानं वरच्या हॉलमध्ये गाद्या ठेवायला सुरुवात केली. स्पर्शबाबा कुठं गेला ते कुणाला माहीत नाही. जिथं असेल तिथं सात थरांचं काहीतरी विकत असेल.

तरी एकदा दुरून एक जोडपं आलं. बाई अशक्त, हातात नारंगी पिशवी, दंड उघडा करूनच आलेली. "इथं एक माउली आहेत ना, देवाचा हात लागलेल्या? हिच्याही अंगावर निळं उठतंय. आम्हाला वाटलं, कृपा झाली."

सासूबाई काउंटरवर बसल्या होत्या. घरी आल्यापासून त्यांनी ती जागा पकडली होती. डाग घेऊन येणाऱ्यांना तिसरा प्रश्न त्याच विचारत आणि सुनेपेक्षा कडक विचारत. समोर बसलेला कुणी छातीतल्या घड्याळाकडे कान टवकारू लागला, तर त्या सांगत, "धातूची झडप आहे. वाजतेय म्हणजे चालू आहे. तुम्ही कपड्याचं बोला."

त्यांनी त्या बाईच्या दंडाकडे पाहिलं, हात न लावता. मग चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढं ओढलं आणि लाल पेन काढलं.

"बसा. देव असेल तर तो काही पळून जात नाही, त्याला नंतर भेटता येईल. आधी रक्त तपासायला जायचंय. तोवर मला सांगा, गेल्या महिन्याभरात काय काय घेतलंत? रोजचंसुद्धा. रोजचं आधी."